काळं पडलं तर वरची गल्ली

"पडं रं दाना, पडं पांढऱ्या तोंडानं,
माझ्या लेकराच्या दारी पाणी येऊ दे लोंढ्यानं..."

हा आवाज भारत सरांच्या आईचा. ऐकला तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असतील. लांबच्या साखर कारखान्यावर ऊसतोड्यांच्या तळात, पाचटाच्या कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, कारखान्याचा पट्टा तुटून गाड्या बंद पडल्या की बायकांना अचानक सुट्टी मिळायची. मग कुणीतरी चिंचोके आणायचं, दगडावर उभे धरून त्यांची फाकं करायचं, आणि मातीत पट आखला जायचा. आई मुठीत चिंचोके खुळखुळवायची, मुठीवर फुंकर घालायची आणि दान सोडता सोडता ओवी म्हणायची. समोरची एखादी म्हणायची, "तू लबाडी करतीस गं." त्यावर आई हसायची. म्हणायची, "लबाडी माणसाची असती. चिंचोक्याला माय न्हाई, बाप न्हाई. त्यो कुणाच्या बाजूनं पडंल?"

पुढं जवळजवळ पन्नास वर्षांनी भारत सरांनी आईच्या या बोलण्यावर गणिताचा शिक्का मारला, आणि इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

तलवाड्याच्या अलीकडं एक फाटा आत वळतो. त्या वाटेवर हिवरवाडी. गावात दोन गल्ल्या, वरची आणि खालची. दोन्हींच्या मधोमध दूध उत्पादक सहकारी संस्थेची इमारत, आणि तिच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोलीत भारत सर. माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. त्या साली पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो गेलाच. गुरं छावणीला गेली. गुरांबरोबर दूध गेलं. संस्था मात्र होती तिथंच होती, कारण सहकारी संस्थेला उठून छावणीत जाता येत नाही. चेअरमन माणिकराव सकाळी रिकाम्या कॅनांच्या रांगेसमोर खुर्ची टाकून बसायचे. सचिव गहिनीनाथ रोज तारीख घालून वळणदार अक्षरात 'संकलन निरंक' असं लिहायचे आणि खाली सही करायचे. निरंकालाही सही लागते. दुपारपर्यंत दोघं जण दमून जायचे.

अशा मोठ्या माणसांना फार काळ मोकळं ठेवणं गावाला परवडत नाही. म्हणून दिवाळीनंतर टँकर सुरू झाला तेव्हा पाण्याचा कारभार आपोआप संस्थेकडं आला.

टँकर संध्याकाळी एकदाच यायचा. दोन गल्ल्यांच्या दोन टाक्या. ज्या टाकीत नळी आधी पडायची तिला चांगलं, निवळशंख पाणी. दुसरीच्या वाट्याला उरलेलं, तळाचा गाळ घेऊन. पहिल्याच आठवड्यात नळीला दोन्हीकडून इतके हात लागले की नळीच फाटली. टँकरवाला म्हणाला, "आता भांडणं मिटवा, मगच मी यीन." नाणं उडवावं असं ठरलं. तर खालच्या गल्लीतला बंकट फुशारकीनं बोलून गेला, "नाणं मला द्या. म्हणाल ती बाजू पाडून दावतो." बंकटचं सगळं तारुण्य जत्रेतल्या पटावर गेलं होतं, त्यामुळं त्याच्या बोलण्यावर वरच्या गल्लीनं पूर्ण विश्वास ठेवला आणि नाणं बाद झालं. चिठ्ठ्या टाकाव्यात, तर चिठ्ठ्या लिहिणार गहिनीनाथ, आणि गहिनीनाथ वरच्या गल्लीतल्या माणिकरावांच्या भावकीतले.

तेव्हा गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या भारत सरांनी खिशात हात घातला. का कुणास ठाऊक, दुपारीच शाळेतल्या चिंचेखाली एक फुटका चिंचोका त्यांनी उचलला होता. ते म्हणाले, "हा घ्या. एक बाजू काळी, एक पांढरी. शक्यता दोनच. म्हणजे प्रत्येकीची संभाव्यता एक छेद दोन. कुणावर अन्याय होण्याचा प्रश्नच येत नाही."

'एक छेद दोन' हे शब्द कुणाला फारसे कळले नाहीत, पण त्यांनी फार बरं वाटलं. काळं पडलं तर वरची गल्ली, पांढरं पडलं तर खालची, असं ठरलं. टाकणार कोण, यावर मात्र वाद झालाच नाही. सर कुठल्याच गल्लीचे नव्हते. वीस वर्षं गावात राहूनही दोन्ही गल्ल्यांनी त्यांना आपलं म्हटलं नव्हतं, आणि अशा माणसालाच तटस्थ म्हणतात.

सरांच्या त्या वेळच्या दिवसाबद्दल थोडं सांगायला हवं, फार नाही. बायको जाऊन दोन पावसाळे झाले होते, म्हणजे पावसाळे आले असते तर दोन झाले असते. मुलगा पुण्याला. रविवारी फोनवर विचारायचा, "मजेत ना?" सर म्हणायचे, "मजेत." सकाळी भाकरीचं पीठ मळताना हात अजून दोघांच्या अंदाजानं पीठ घ्यायचा. उत्तरपत्रिका तपासताना सर प्रत्येक पोराचं नाव मोठ्यानं वाचायचे. तपासायला त्याची गरज नव्हती. पण त्यामुळं खोलीत पाच-पन्नास माणसं येऊन गेल्यासारखी वाटायची.

आणि आता रोज संध्याकाळी, टँकरचा हॉर्न ओढ्यापलीकडं वाजला की माणिकराव भिंतीवर थाप मारून हाक द्यायचे, "सर, या."

या दोन शब्दांसाठी सर चार वाजल्यापासून तयार असायचे. इस्तरीचा शर्ट घालायचे. दाराशी आल्यावर एवढ्या लगबगीनं जाणं बरं दिसत नाही म्हणून थोडं थांबायचे. बाहेर दोन्ही गल्ल्यांचं रिंगण उभं असायचं. घागरी, कळश्या, प्लॅस्टिकचे ड्रम, कडेवरची पोरं. कुणी विचारायचं, "सर, आमचं पोरगं गणितात कसंय?" कुणी म्हणायचं, "च्या घेता का?" खालच्या गल्लीतली पारूबाई, गावातली सगळ्यात धारदार जीभ, हमखास म्हणायची, "इस्तरी टँकरसाठी व्हय हो सर? का टँकरवाल्यासाठी?" सर हसायचे नाहीत, तटस्थ माणसानं हसायचं नसतं. ते चिंचोका वर उडवायचे. सगळं गाव मान वर करून बघायचं, मग खाली बघायचं. उन्हाळ्यात वावटळ उठते तशी माणसं एका बिंदूभोवती गोळा व्हायची, आणि त्या बिंदूवर सर असायचे.

हे असंच चाललं असतं. पण जानेवारीत दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा आला.

सरांचं शिकवणं जुन्या वळणाचं. त्यांचं म्हणणं, पोरांनी वस्तू हातात धरल्याशिवाय गणित अंगाला लागत नाही. धड्यात फासे होते, पत्ते होते. म्हणून सरांनी मुख्याध्यापकांकडं रीतसर अर्ज दिला: 'अध्यापनासाठी फासे दोन नग व पत्त्यांचा जोड एक नग मिळावा.'

मुख्याध्यापक अर्जुनराव यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"सर, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय तुमच्या."

"हो."

"मग आता कशाला हे? पत्त्यांचा जोड मी डेडस्टॉकच्या रजिस्टरला कसा चढवू? उद्या तपासणीला साहेब आले आन् म्हणाले, जोड दाखवा. दाखवला तर जुगार, न्हाई दाखवला तर अफरातफर."

"सर, पुस्तकातच आहेत पत्ते. बावन्न."

"पुस्तकात असू द्या. पुस्तकात धबधबा बी हाय. म्हणून मी पोरांना कपिलधारला नेत बसू का?"

तरी अर्जुनरावांनी भलेपणानं तो अर्ज मार्गदर्शनासाठी वर पाठवला. वरून महिन्याभरात उत्तर आलं, त्यात मार्गदर्शन नव्हतं, विचारणा होती: सदर शिक्षकांनी शालेय वेळेत पत्त्यांची मागणी का केली, याचा खुलासा करावा. सरांनी तीन पानी खुलासा केला. त्यात अनुकूल घटक, नमुना अवकाश, सगळं उदाहरणांसह होतं. त्यावर आणखी विचारणा आली, की नमुना अवकाशासाठी शाळेत जागा उपलब्ध आहे काय.

मधल्या काळात बंकटनं स्वतःचा जोड देऊ केला. "घ्या सर. इद्येसाठी वापरा. आमच्या हातानं कुठलं पुण्य झालं असतं?" जोड चांगला हाताळलेला होता. पण त्यात चौकटची राणी नव्हती. तिच्या जागी एसटीचं तिकीट होतं, उमापूर ते गेवराई. बंकट म्हणाला, "आमी तिलाच राणी धरतो." सर गणिताचे शिक्षक, एसटीच्या तिकिटाला राणी धरणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी जोड परत केला आणि पोरांना सांगितलं, उद्या प्रत्येकानं एक चिंचोका फोडून आणायचा. त्याला अर्ज लागत नव्हता, डेडस्टॉक लागत नव्हता, आणि शाळेपुढं चिंचेचं झाड उभंच होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: शक्यता दोन. काळं, पांढरं. म्हणून काळं पडण्याची संभाव्यता एक छेद दोन. "ही झाली कागदावरची. आता हातानं करून बघायची. जेवढे वेळा टाकलं तेवढे वेळा लिहायचं, त्यात काळं किती हे लिहायचं, आणि भागायचं. मग कागदावरची आणि हातावरची जवळ येतात की नाही बघू. वर्गात दहादा टाका. घरी जाऊन प्रत्येकानं शंभर वेळा टाकून आणा. गृहपाठ."

वर्गात गारा पडल्यासारखा आवाज झाला. कुणाचं काळं सहा वेळा, कुणाचं चार वेळा, एकाचं तर नऊ वेळा. खालच्या गल्लीतली एक पोरगी उभी राहून म्हणाली, "सर, काळंच जास्त पडायलंय."

"दहानं काही ठरत नाही बाळा," सर म्हणाले. "थोड्या वेळा टाकलं की ते कुठंही भरकटतं. जास्त टाक, म्हणजे वळणावर येतं."

हे अगदी खरं होतं. फक्त वळण कुठलं, ते सरांना माहीत नव्हतं.

पोरं घरी गेल्यावर सरांनी सहज म्हणून स्वतःही टाकायला घेतलं. अंगणात पोतं अंथरलं. शंभर टाकले, काळं चौसष्ट. पुन्हा शंभर, त्रेसष्ट. तिसऱ्या शेकड्याला पासष्ट. सुरुवातीला आकडा वासरासारखा उड्या मारत होता. जसजसं टाकत गेले तसतसा शांत झाला, पण अर्ध्याच्या दावणीला यायचा सोडून चौसष्टापाशी पाय दुमडून बसला. उठेचना. सरांनी रुपयाचं नाणं काढलं. ते गुमान पन्नासाच्या आसपास पडत राहिलं. मग त्यांनी चिंचोका डोळ्यांपुढं धरला. पांढरी बाजू सपाट, काळीला पोट. सपाट अंगावर आडवं होणं कुणालाही सोपं. ज्याला पोट आहे तो पोट वर करूनच निजणार.

दोन शक्यता आहेत म्हणून त्या सारख्याच असतील, असं कुठं लिहिलं होतं? कुठंच नव्हतं. पुस्तकातही नीट म्हटलेलं होतं: 'समसंभाव्य असतील तर'. हा 'तर' सर पस्तीस वर्षं पोरांना अधोरेखित करायला लावत आले होते.

ऊन उतरत होतं. सरांना हिशेब कळला, आणि त्याच्या पुढचाही कळला. काळं म्हणजे वरची गल्ली. खालची गल्ली दिवाळीपासून गाळ पीत होती, त्यांच्या एक छेद दोनवर भरवसा ठेवून. हे सांगायला हवं. सांगितलं की चिंचोका बाद. चिंचोका बाद की भिंतीवरची ती थाप बाद. त्यांनी चिंचोका पुन्हा उडवला, जणू एवढ्या वेळा सांगितल्यावर आता तरी तो ऐकेल.

मागच्या बाजूनं अंगण सगळ्यांना दिसतं, हे ते विसरले होते. गणिताचे सर पोत्यावर बसून एकटेच चिंचोके खेळतायत, ही बातमी दोन्ही गल्ल्यांत एकाच वेळी पोचली, आणि सल्ले यायला लागले.

आधी माणिकराव आले. "सर, महिनाभर पोराकडं जाऊन या पुण्याला. माणसात राहिलं की डोकं थाऱ्यावर येतं." मग गहिनीनाथ. त्यांनी इकडं तिकडं बघून हळू आवाजात विचारलं, वैद्यकीय रजा शिल्लक आहे काय, आणि असल्यास अर्ज मी लिहून देऊ काय. बंकटला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "सर, एकट्यानं खेळायचं तर पत्ते बरे. चिंचोक्याला दोघं तरी लागत्यात. मी यीत जाऊ का?" पारूबाई कुंपणापाशी थांबली, बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "टाळूला एरंडाचं तेल घाला." आणि निघून गेली.

सरांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी काळं पडलं. सर खाली मान घालून घरी आले. दुसऱ्या दिवशीही काळं. तिसऱ्या दिवशी पांढरं पडलं, तेव्हा सर नको तितक्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बघा. पडतं की नाही पांढरं?"

तोवर कुणीच काही म्हटलं नव्हतं. आता मात्र माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

कारण गृहपाठ. सरांनी रागावून-बजावून दिलेला गृहपाठ चाळीस घरांच्या उंबऱ्यांवर चालला होता. पोरं दमली की आया टाकत होत्या, आया स्वयंपाकाला उठल्या की म्हातारे टाकत होते. गुरं नाहीत, शेतात काम नाही, टीव्हीला वीज नाही. असं मनापासून गणित त्या गावानं कधी केलं नव्हतं. वह्या जमा झाल्या तेव्हा खालच्या गल्लीच्या वह्यांत चौसष्ट, बासष्ट, सहासष्ट. वरच्या गल्लीच्या वह्यांत मात्र काळं बरोबर पन्नास, पांढरं बरोबर पन्नास. एकूण एक वहीत. इतकी नेमकी अचूकता निसर्गात नसते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येते.

संध्याकाळी सर रिंगणात आले तर रिंगणाचे दोन तुकडे झालेले. मधे पारूबाई, कमरेला पदर खोचलेला.

"सर, ह्या चिंचोक्याला ढेरी हाय का न्हाई?"

सरांना खोटं बोलायची संधी होती. माणिकराव डोळ्यांनी खुणावतही होते. पण प्रश्न गणिताचा होता.

"आहे," ते म्हणाले.

संस्थेची तातडीची सभा बोलावली गेली. ती भरली संस्थेच्या ओट्यावर, अख्ख्या गावासमक्ष. गहिनीनाथांनी डोकी मोजली आणि जाहीर केलं, की सभासदांपैकी बरेच जण छावणीत गुरांजवळ असल्यानं कोरम होत नाही. सबब सभा तहकूब. अर्ध्या तासानं हीच सभा, ह्याच जागी, हीच माणसं घेऊन भरेल, आणि तेव्हा कोरम लागणार नाही. तो अर्धा तास सगळं गाव जागचं न हलता एकमेकांना शिव्या देत बसलं. मग सभा नियमानुसार सुरू झाली.

माणिकराव उठले. "सर, तुमी म्हणलं हुतं अर्धं-अर्धं."

"ते मी गृहीत धरलं होतं."

"कुणी?"

"मी."

गहिनीनाथ लिहिता लिहिता पुटपुटले, "सरांनी धरल्याचे मान्य."

"थांबा, समजावून सांगतो," सर म्हणाले, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं खडू शोधायला खिशात हात घातला. "कागदावरची संभाव्यता म्हणजे दोन्ही बाजू सारख्या मानून काढलेली. आणि प्रत्यक्ष टाकून, मोजून, भागून आली ती प्रायोगिक. दोन्ही जुळल्या नाहीत, आणि आपण पुष्कळ वेळा टाकलेलं असेल, तर चुकलं ते मानण्यात चुकलं. चिंचोका खोटं बोलत नाही. शंभरात साधारण चौसष्ट वेळा तो काळाच पडणार. आज काय पडेल ते मात्र आजही कुणाला सांगता येणार नाही."

समजावणं चांगलं झालं होतं. वर्गात असते तर सरांनी स्वतःला शाबासकी दिली असती.

पारूबाई म्हणाली, "म्हंजी तुमी मास्तर असून फळं न बघता झाड पूजलं. आमी दिवाळीपून गाळ गाळून पितो, आन् हे इस्तरी घालून न्याय करायलेत. त्यापरीस आंधळ्याच्या हातात दिला असता चिंचोका. त्यानं चाचपून तरी बघितला असता."

लोक हसले. वरची गल्ली हसली, खालचीही हसली. सरांना आठवेना, की दोन्ही गल्ल्या एकत्र हसल्याचं त्यांनी याआधी कधी ऐकलं होतं. ते खाली बसले आणि इस्तरीच्या घडीकडं बघत राहिले.

मग उपाय सुचायला लागले. बंकट म्हणाला, आता दिवाळी येईस्तोवर काळं आमचं, पांढरं तुमचं. वरची गल्ली म्हणाली, त्यापेक्षा दुसरा चिंचोका आणू. दुसऱ्यालाही ढेरी असणार, हे पोरं ओरडून सांगायला लागली. कुणी म्हणालं, दोन्ही बाजूंनी ढेरी असलेला चिंचोका घ्यावा. तो अख्खा असतो आणि त्याला पांढरी बाजूच नसते, हे ध्यानात यायला बराच वेळ गेला. माणिकरावांनी सुचवलं, ह्यावर अभ्यास करायला उपसमिती नेमावी. गहिनीनाथांनी उपसमितीच्या चहापाण्याची तरतूद विचारली.

एवढ्यात टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो कधीचा नळी हातात धरून बसला होता.

"आवो, एक दिवस ह्यांना आधी, एक दिवस त्यांना. बारी लावा की. मला अजून दोन गावं करायचीत."

ओट्यावर शांतता पसरली. फार सोपी गोष्ट ऐकल्यावर पसरते तसली, सगळ्यांना एकदम लाज आणणारी. ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदक म्हणून गहिनीनाथांनी सरांचं नाव घातलं. सरांनी मान हलवली. आणखी काय हलवणार होते?

दुसऱ्या संध्याकाळी शर्टाची बटणं लावून झाल्यावर सरांच्या ध्यानात आलं. हॉर्न ओढ्यापलीकडं वाजला. ते भिंतीकडं बघत उभे राहिले. टँकर आला, नळी पडल्याचा आवाज आला, घागरी वाजल्या. नेहमीपेक्षा निम्म्या वाजल्या. कुणी भांडलं नाही. थोड्या वेळानं टँकर गेला. सरांनी शर्ट काढून घडी घातला, आणि घडी नीट नाही आली म्हणून पुन्हा घातला.

मग तसे बरेच दिवस गेले. गाव शहाण्यासारखं पाणी भरायला लागलं. वर्गात सरांनी पुढचा धडा घेतला. वरून खुलासा मान्य झाल्याचं पत्र आलं, सोबत दोन फासे मंजूर, पत्ते नामंजूर. अर्जुनरावांनी फासे कपाटात ठेवून कुलूप लावलं. सरांनी मुलाच्या फोनवर सांगितलं, "मजेत."

एका संध्याकाळी, टँकर येऊन गेल्यावर, दारात घागर आपटल्याचा आवाज आला. पारूबाई होती. घागर रिकामी.

"हायत का घरात?"

"आहे. या."

"या कशाला? मी भांडायला आले."

"माझ्याशी?"

"मग कुणाशी? भांडायला माणूस तर ऱ्हायला पायजे गावात." ती उंबऱ्यावर बसली, आत आली नाही. "आज वरल्यांची बारी. आमच्या गल्लीतून सुरवातीला एक कुत्रं आलं न्हाई. ते भरून गेले, मग आमचे आले. उद्या आमची बारी, तवा त्यातलं कुणी फिरकायचं न्हाई. वरल्या गल्लीत गहिनीनाथाची सून बाळंत झाली, ते मला आज कळलं. पोरगं बारा दिसाचं झालं म्हणं."

"बारी लावली ते बरंच झालं की," सर म्हणाले. "आता अन्याय नाही. तुम्हीच तर म्हणत होतात."

"म्हणत हुते. बोलायला काय लागतं?" पारूबाईनं घागरीच्या काठावरून बोट फिरवलं. "आधी काय पडंल ते ठावं नव्हतं, म्हणून समदे यायचे. आता ठावं हाय."

निश्चित घटनेची संभाव्यता एक, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ती घटना बघायला कुणी येत नाही, हे पुस्तकात नसतं.

"पाण्याला आला नव्हतात का तुम्ही आज?" त्यांनी विचारलं. "घागर रिकामी आहे."

"भरलेली हाय घरी. एकटीला कितीक लागतं पाणी? गाळ निवळला की तेच मला दोन दिस पुरायचं." तिनं घागर बाजूला सरकवली. "सर, ती बारीची गोष्ट मला पयल्याच दिशी सुचली व्हती. आमच्या माहेरी हिरीवर बारीच असायची."

"मग बोलला का नाहीत?"

"कावून बोलू?" ती एकदम चिडली, मग तिचा आवाज उतरला. तिनं सरांकडं न बघता, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत म्हटलं, "पोरगं चाकणला, सून चाकणला. दिस मावळला की मला घरात बसवत न्हाई. तुमी चिंचोका टाकायचे तवा तितका येळ निघायचा. म्हणून मी गप ऱ्हायले, आन् गाळ पिले."

बाहेर अंधारायला लागलं होतं. दोन्ही गल्ल्यांत दारं लागत होती. भारत सर उठून दाराशी आले, आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पारूबाईपासून थोडं अंतर ठेवून खाली बसले. दोन वर्षांत मुलाला, माणिकरावांना, कुणालाच न सांगितलेलं ते हळू आवाजात बोलले.

"मलाही नाही बसवत, पारूबाई."